मरुत्सखा : एका उड्डाणाची हकीकत आणि तिचा पुरावा

इ. स. १८९५ मध्ये मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडवले, ते सुमारे १५०० फूट उंच गेले आणि मग खाली कोसळले, ही हकीकत मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. राइट बंधूंच्या उड्डाणाआधी आठ वर्षे एका मराठी माणसाने हे साधले, ते वेदांतल्या किंवा प्राचीन संस्कृत ग्रंथांतल्या ज्ञानाच्या बळावर साधले आणि परकीय सत्तेने ते दडपले, असे तीन दावे या हकीकतीला पुढे जोडले गेले. हे दावे एकाच दमात सांगितले जात असले, तरी पहिला घटनेविषयी, दुसरा ज्ञानाच्या उगमाविषयी आणि तिसरा सत्तेच्या हेतूविषयी आहे. प्रत्येकाला लागणारा पुरावा निराळा असल्यामुळे त्यांचा विचारही स्वतंत्रपणे करणे भाग आहे.

तळपदे हे मुंबईच्या पाठारे प्रभू समाजातले होते. संस्कृताचा व्यासंग आणि यंत्रांची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी होत्या, आणि आर्य समाजाच्या संपर्कामुळे त्या एकत्र आल्या. स्वामी दयानंद सरस्वती यांच्या 'ऋग्वेदादिभाष्यभूमिका' या ग्रंथात 'नौविमानादिविद्या' असे एक प्रकरण असून, वेदमंत्रांत जहाजे आणि आकाशयाने यांची विद्या सांगितली आहे, असा अर्थ त्यात लावलेला आहे. पाश्चात्त्यांची आगगाडी आणि तारायंत्र डोळ्यांसमोर असलेल्या, पण आपल्या परंपरेचा अभिमान सोडण्यास तयार नसलेल्या त्या पिढीला हा अर्थ मोठा आधार वाटला. तळपदे यांचा प्रयत्न या वातावरणातून निपजला, आणि त्या दृष्टीने तो एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या बौद्धिक इतिहासाचा खरा भाग आहे, मग यंत्र उडाले असो वा नसो.

उड्डाणाच्या घटनेला आधार म्हणून सहसा दोन गोष्टी पुढे केल्या जातात : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची उपस्थिती, आणि 'केसरी'त आलेली बातमी. मात्र साक्षीदारांची नावे सांगणारे त्यांची साक्ष उद्धृत करत नाहीत, आणि बातमीचा हवाला देणारे अंकाची तारीख व पृष्ठ देत नाहीत. घडलेल्या दिवसाविषयीही एकवाक्यता नाही. इतिहासलेखनात समकालीन साधन, म्हणजे घटना घडली त्याच काळात तयार झालेला कागद, आणि उत्तरकालीन आठवण यांत जो भेद केला जातो, तो येथे निर्णायक ठरतो. कारण या प्रसंगाची जी तपशीलवार वर्णने आज फिरतात, ती घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिलेली आहेत. १५०० फुटांचा आकडाही याच कसोटीवर तपासावा लागतो. इतकी उंची नुसत्या नजरेने ठरवता येत नाही, आणि ती कोणत्या साधनाने, कोणी मोजली हे सांगितले जात नाही.

याच्या उलट उदाहरण त्याच काळात अमेरिकेत सापडते. ६ मे १८९६ रोजी सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे मानवरहित यान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते, त्यांनी छायाचित्र घेतले आणि आपण काय पाहिले ते लेखी नोंदवले. बेल हे नाव मोठे आहे म्हणून त्या उड्डाणावर विश्वास ठेवला जातो असे नाही. त्यांचे निवेदन, छायाचित्र आणि प्रत्यक्ष यान या तिन्ही गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात म्हणून ठेवला जातो.

आता क्षणभर गृहीत धरावे की चौपाटीवर एखादे यान खरोखरच उडाले. तरीही त्यातून जगातील अग्रमान सिद्ध होत नाही, आणि हा मुद्दा या वादात बहुधा निसटतो. फ्रान्सच्या आल्फाँस पेनो यांनी १८७१ मध्येच पीळ दिलेल्या रबरावर चालणारी छोटी प्रतिकृती हवेत उडवून दाखवली होती. ऑटो लिलिएंथाल हे जर्मन अभियंते १८९१ पासून स्वतः पंख बांधून टेकडीवरून तरंगत उतरत होते, आणि १८९६ मध्ये अशाच एका प्रयत्नात ते पडून मृत्यू पावले. म्हणजे मानवरहित प्रतिकृती उडवणे ही १८९५ साली नवी गोष्ट नव्हती. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी जे केले, त्याचे वैशिष्ट्य वेगळे होते : इंजिनाच्या बळावर माणसासह उडणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे यानाला तिन्ही अक्षांभोवती, म्हणजे नाक वर-खाली, पंख डावीकडे-उजवीकडे कलते आणि दिशा आडवी वळती, असे ताब्यात ठेवणे. त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे होते, पण त्यात यान चालवणारा माणूस होता. मानवरहित यानाची राइट यांच्या यानाशी तुलना करून कोण आधी हा प्रश्न विचारणे म्हणजे दोन निराळ्या शर्यतींचा एकच विजेता शोधणे होय.

काही लेखनात मरुत्सखाची चालक शक्ती पारा आणि सूर्यप्रकाश यांपासून मिळत होती असे म्हटले आहे, आणि त्याला आधुनिक आयन-इंजिनाचा दाखला जोडला आहे. आयन-इंजिन म्हणजे विद्युत्भारित अणूंना वेगाने मागे फेकून यानाला पुढे रेटणारे यंत्र. पाऱ्याचा असा वापर खराच झाला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेने अंतराळात चालवून पाहिलेल्या आयन-इंजिनात पारा होता. परंतु या यंत्राचा रेटा अत्यंत अल्प असतो. 'डीप स्पेस वन' या यानाच्या इंजिनाचा कमाल रेटा सुमारे ९२ मिलिन्यूटन होता, म्हणजे कागदाच्या दोन तावांच्या वजनाइतका. अंतराळात हवेचा विरोध नसल्यामुळे आणि तेथे महिनोन्महिने रेटा देत राहता येत असल्यामुळे तो पुरतो; जमिनीवरून वजन उचलायला तो कोठेच पुरत नाही. शिवाय हे यंत्र चालण्यास निर्वात अवकाश लागतो, जो चौपाटीवर मिळत नाही.

ज्ञानाच्या उगमाचा प्रश्न 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाशी येऊन थांबतो. महर्षी भरद्वाजांच्या नावावर असलेला हा संस्कृत ग्रंथ आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात जी. वेंकटाचल शर्मा यांना तोंडी सांगून लिहवून घेतला. त्यातील विमानांची चित्रे बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील आरेखक एल्लप्पा यांनी काढली. आणि मैसूरचे जी. आर. जोश्यर यांनी इंग्रजी भाषांतरासह तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या ग्रंथाच्या आधारे १८९५ चे विमान बनले असे सांगितले जाते, तो ग्रंथ लेखी स्वरूपात त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने अवतरला, ही कालगणनेची अडचण एकट्यानेच पुरेशी आहे.

१९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांचे चार सहकारी यांनी या ग्रंथाचा चिकित्सक अभ्यास प्रसिद्ध केला. भाषा अर्वाचीन, रचना बहुतांशी अनुष्टुभात, आणि वैदिक रूपांचा अभाव, या कारणांवरून तो १९०४ पूर्वीचा नसावा असा निष्कर्ष त्यांनी काढला. शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची मापे व आकार तपासून, त्यांपैकी एकही उडण्यासारखे नाही, असे त्यांनी दाखवले. रुक्मासारख्या मनोऱ्याच्या आकाराला हवा उचल देत नाही, म्हणजे वरच्या दिशेने पेलणारे बल देत नाही, उलट अडवते. याच अभ्यासात वेंकटाचल शर्मा यांच्याकडून मिळालेली एक माहिती नोंदवली आहे : शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती बनवण्याचा प्रयत्न केला, पण त्यांपैकी कोणतीही उडवण्यात त्यांना यश आले नाही. ही साक्ष ग्रंथाच्या विरोधकाची नसून तो लिहून घेणाऱ्याची आहे, म्हणून तिचे वजन मोठे आहे.

तरीही दावा मावळला नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस आणि अमेय जाधव यांनी याच ग्रंथाच्या आधारे निबंध मांडला, आणि त्याच महिन्यात तळपदे यांच्या जीवनावर बेतलेला 'हवाईजादा' हा चित्रपट आला. त्या वेळी झालेल्या वादात एक युक्तिवाद वारंवार पुढे आला : असे यान अशक्य नाही, म्हणून ते असलेच पाहिजे.

हाच युक्तिवाद अपहृत विमानांविषयीच्या षड्यंत्र-कथांतही सापडतो, आणि म्हणून मुंबईचे हे प्रकरण एकाकी राहत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत अपहरण झालेली विमाने जमिनीवरून दूरनियंत्रणाने चालवली गेली, असे सांगणारे एका खऱ्या प्रयोगाकडे बोट दाखवतात : १ डिसेंबर १९८४ रोजी नासा आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने एक बोइंग ७२० विमान दुरून चालवून मुद्दाम जमिनीवर आपटवले होते. प्रयोग खरा आहे. पण खास सज्ज केलेले एक विमान दुरून चालवता येते, एवढेच त्यातून निघते, प्रवाशांनी भरलेल्या चार नेहमीच्या विमानांचे त्या दिवशी तसेच झाले हे निघत नाही. ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह बेपत्ता झालेल्या मलेशिया एअरलाइन्सच्या विमानाबाबतही दूरनियंत्रित अपहरणाचा तर्क मांडला गेला. २०१८ च्या मलेशियाच्या चौकशी अहवालाला त्याचा पुरावा आढळला नाही. तंत्राची शक्यता आणि घटनेचे घडणे यांच्यामधली दरी नोंद, अवशेष आणि साक्ष यांनीच भरून निघते, आणि षड्यंत्र-कथा ती दरी हेतूच्या संशयाने भरते.

दंतकथेला मात्र हा नियम लागू करण्याचे कारण नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिलेल्या सौंसर-पांढुर्णा या मराठी पट्ट्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमागे, म्हणजे दोन गावांमधल्या दगडफेकीच्या प्रथेमागे, पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी यांची कथा सांगितली जाते. तिचा लेखी दाखला कोणी मागत नाही, कारण ती दोन गावांमधल्या नात्याला शब्दरूप देते, मोजता येणारी कोणतीही गोष्ट सांगत नाही. पुष्पक विमान किंवा रघुवंशाच्या तेराव्या सर्गातले आकाशातून दिसणाऱ्या भूमीचे वर्णन यांचेही तसेच आहे. कालिदासाने विमान पाहिले होते असे मानण्याची गरज नाही, त्याची कल्पनाशक्ती पुरेशी आहे. पण फूट, पारा आणि सूर्यप्रकाश यांच्या भाषेत बोलू लागलेली कथा स्वतःहून मोजमापाच्या कचेरीत येते, आणि मग तिला तेथले नियम पाळावे लागतात.

दडपणुकीच्या तिसऱ्या दाव्याचीही तपासणी करता येते. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतील मजकुराचे साप्ताहिक गोषवारे स्वतःच तयार करवून घेत असे, आणि १८९५ मधील मराठी, गुजराती व इंग्रजी वृत्तपत्रांच्या फायलींबरोबर हे गोषवारेही त्या शोधाचे साधन ठरतात. एका सार्वजनिक किनाऱ्यावर, हायकोर्टाच्या न्यायाधीशासमोर झालेले उड्डाण या सगळ्या कागदांतून एकाच वेळी पुसून टाकणे हे स्वतः उड्डाणापेक्षा कठीण काम होते. तळपदे यांना १५०० फुटांवरून खाली उतरवले, तर हातात उरतो तो लँग्ली आणि लिलिएंथाल यांच्याच दशकात, त्यांच्या साधनसंपत्तीशिवाय, संस्कृत ग्रंथ आणि यंत्र यांची सांगड घालू पाहणारा एक मुंबईकर. आणि इतिहासाला त्याच्याविषयी विचारण्यासारखे प्रश्न तेथून सुरू होतात.