युद्धकाळातील दोन समूहगाने : बॅलड आणि पोवाडा

दुसऱ्या महायुद्धातील रशियन संगीताची चर्चा बहुधा शोस्ताकोविचच्या सातव्या सिंफनीपाशी थांबते. त्याच काळात सेर्गेई प्रोकोफिएव्ह याने रचलेले 'अज्ञात मुलाचे बॅलड' (१९४२-४३) हे समूहगान मात्र फारसे परिचित नाही. पावेल अन्तोकोल्स्की याच्या कवितेवर आधारलेल्या या रचनेत आई व बहीण गमावलेला एक मुलगा शत्रूच्या अधिकाऱ्यांच्या मोटारीवर हातबॉम्ब टाकतो. त्याचे नाव कोणालाच कळत नाही. दोन एकल गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी असलेल्या या रचनेचा पहिला प्रयोग २१ फेब्रुवारी १९४४ रोजी मॉस्कोत झाला. पुढे ती क्वचितच ऐकू आली.

याच युद्धावर १९४३ मध्ये मुंबईत अण्णा भाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. वाटेगावहून आलेल्या, शालेय शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या या शाहिराने व्होल्गाकाठच्या शहराला आपल्या काव्याचा विषय केले. अफजलखानवध किंवा सिंहगड गाणाऱ्या परंपरेत परदेशातील एका शहराला वीरनायकाचे स्थान मिळणे ही लक्षणीय घटना होय.

या दोन कृतींना जोडणारा दुवा 'बॅलड' या संज्ञेतच आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला; १८९४ च्या इंग्रजी अनुवादात ॲक्वर्थने त्यांना 'बॅलड' म्हटले. या नामांतराने पोवाड्याला जागतिक कथाकाव्यात स्थान मिळाले. परंतु छापील पानावर शाहिराचे शब्द उरले आणि डफ, तुणतुणे व झीलकरी मागे पडले. वाङ्मयेतिहासाने तेव्हापासून पोवाडा मुख्यतः संहिता म्हणून वाचला.

वस्तुतः झील हा अलंकार नव्हे. शाहीर घटना सांगतो आणि झीलकरी ती उचलून धरतात. या उचलण्यानेच एकाचे कथन समूहाचे होते. प्रोकोफिएव्हच्या रचनेतही अनाम मुलाची कथा गायकवृंदाच्या मुखी आल्याने सार्वजनिक होते. भेद साधनांचा आहे. तेथे स्वरलिपी, सभागृह आणि प्रशिक्षित गायक लागतात. येथे दोन-तीन साथीदार आणि गिरणगावातील एखादे मैदान पुरते.

मात्र हा समूह एकजिनसी नव्हता. जून १९४१ मधील सोव्हिएत संघावरील आक्रमणानंतर कम्युनिस्टांनी युद्धाला 'लोकयुद्ध' मानले. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत'ची हाक उठली. अशा वेळी स्टालिनग्राड गाणे म्हणजे घरच्या वादात एक बाजू घेणे होते. या गायनाला संघटनेचा आधारही मिळत होता. अनिल डी सिल्वा यांनी १९४१ मध्ये बंगळुरूत लोकनाट्य संघाची पहिली शाखा उभारली, मे १९४३ मध्ये मुंबईत त्याला अखिल भारतीय रूप आले आणि १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर व अण्णा भाऊ यांचे 'लाल बावटा कलापथक' स्थापन झाले. त्याच सुमारास 'बंगालची हाक' या पोवाड्यातून अण्णा भाऊ देशातील दुष्काळाकडे वळले. दूरचे शहर आणि जवळची भूक एकाच झिलीत सामावण्याची ही क्षमता केवळ संहिता वाचून कळत नाही. तौलनिक अभ्यासाने पोवाड्याला 'बॅलड' म्हणताना त्यातील समूहस्वरही मोजला पाहिजे. अन्यथा तुलना अर्ध्याच कृतीशी होईल.