नाव खोटं, हाड खरं

पनवेलजवळचं शिरढोण आज रायगड जिल्ह्यात आहे; पण 1879 साली ते ठाणे जिल्ह्यात मोडत होतं. तेव्हा वाचकहो, शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे! त्या वर्षी सरकारनं त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं आणि फडक्यांनी उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच शिरावर इनाम जाहीर केलं. जुलैमध्ये ते विजापूरकडे सापडले. पण क्षणभर विचार करा, अशा फरारी माणसाची खूण जाहीरनाम्यात सांगायची कशी? वर्ण, उंची, दाढी, एखादा व्रण. दाढी काय, न्हाव्यापुढे बसलं की गेली!

नेमक्या त्याच वर्षी पॅरिसच्या पोलीस कचेरीत आल्फोन्स बर्तियाँ नावाचा एक तरुण कारकून लागला. फोटो तिथं ढिगांनी होते. मग अडलं कुठे? नाव ठाऊक असल्याखेरीज त्या ढिगातून माणसाचा फोटो सापडायचा नाही, आणि पकडलेला भामटा खरं नाव थोडंच सांगणार?

बर्तियाँनं ओळखलं, की वाढ पुरी झाल्यावर हाडं बदलत नाहीत. त्यानं डोक्याची लांबी-रुंदी, डावं पाऊल, मधलं बोट, कोपरापासूनचा हात अशी 11 मापं ठरवली. प्रत्येक मापाचे आखूड, मध्यम, लांब असे गट पाडले आणि गटागटानं कार्डं कप्प्यांत लावली. आता नाव विचारायचं कारणच नाही. मापं घ्या, कप्पा उघडा! फेब्रुवारी 1883 मध्ये खोटं नाव सांगणारा पहिला इसम असा सापडला. त्याच महिन्याच्या 17 तारखेला फडके एडनच्या तुरुंगात वारले. समोरून एक, बाजूनं एक, असे दोन फोटो काढण्याची रीतही बर्तियाँचीच.

ही मापं हिंदुस्थानात, बंगालमध्ये आली आणि तिथंच मागं पडली. एक शिपाई पकड घट्ट धरी, दुसरा सैल. मग एकाच माणसाची मापं जुळेनात. अंगठा मात्र कुणीही उठवला तरी तोच. एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली आणि 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे-कचेरी निघाली. नाव झालं ते मात्र हेन्रीचं!

इथपर्यंत गोष्ट हुशारीची. पुढं ती कडू होते. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदलेल्या जमातीतल्या कुणाचेही ठसे केव्हाही घेण्याची मुभा सरकारला मिळाली. त्यानं स्वतः गुन्हा केलेला असो वा नसो. हत्यार निघालं होतं एकट्या माणसाला हजारांतून वेगळं काढायला, आणि वापरलं गेलं ते फासेपारध्यांसारख्या अख्ख्या जमातीला एका वहीत कोंडायला. हा कायदा 1952 साली देशभर रद्द झाला.

कैद्यांची मापं व फोटो घेण्याचा 1920 चा कायदा मात्र 2022 पर्यंत चालला. त्याच्या जागी आलेल्या कायद्यात बुबुळही आलं, आणि नोंद 75 वर्षं जपून ठेवता येते.