विशेषीकरण व आंतरवासिता (व्यवसाय व्यवस्थापन शिक्षण)

एमबीए या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विपणन, वित्त, मनुष्यबळ यांसारखी जी शाखा विद्यार्थी सखोल अभ्यासासाठी निवडतो, तिला विशेषीकरण म्हणतात. भारतात सामान्यतः पहिल्या वर्षी लेखाशास्त्र, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र यांसारखे सर्वांना समान विषय असतात व दुसऱ्या वर्षी विशेषीकरणाचे विषय शिकवले जातात; मधल्या उन्हाळ्यात विद्यार्थी सुमारे आठ आठवडे एखाद्या उद्योगसंस्थेत काम करतो, यास आंतरवासिता म्हणतात. तीत वित्ताचा विद्यार्थी कारखान्याचे खेळते भांडवल, म्हणजे कच्चा माल, येणे बाकी व रोकड यांत गुंतलेली रक्कम, अभ्यासतो, तर विपणनाचा विद्यार्थी दुकानदार व वितरकांची पाहणी करतो. त्यावरील प्रकल्प अहवालाचे मूल्यमापन बहुधा मौखिक परीक्षेने होते. १९०८ मध्ये एमबीए पदवी सुरू करणाऱ्या अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मात्र औपचारिक विशेषीकरण नसून सर्वसाधारण व्यवस्थापनावर भर असतो.