अनायनी सर्फॅक्टंटांचे ऑक्सिडीभवन

अनायनी सर्फॅक्टंटांचे ऑक्सिडीभवन : पाण्यात विद्युतभार न घेता काम करणाऱ्या पृष्ठसक्रिय पदार्थांचे ऑक्सिजनमुळे होणारे विघटन व त्यामुळे त्यांच्या वर्तनात पडणारा फरक. पॉलिसॉर्बेट २० व ८०, ट्रायटन एक्स-१०० आणि मेदी अल्कोहॉलांची इथॉक्सिलेटे ही नेहमीची उदाहरणे.

या रेणूंचा जलस्नेही भाग म्हणजे पॉलिऑक्सिएथिलीनची साखळी. जुन्या ईथरच्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइडे साठतात ती ज्या बंधामुळे, तोच बंध या साखळीत पुन्हा पुन्हा येतो. पॉलिसॉर्बेटच्या रेणूत ऑक्सिएथिलीनचे सुमारे २० घटक असतात. ऑक्सिजनशेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन मुक्त मूलक ओढून घेतात, तिथे हायड्रोपेरॉक्साइड तयार होते, ते फुटले की साखळी तुटते आणि फॉर्माल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल असे लहान रेणू बाहेर पडतात. उष्णता, प्रकाश आणि लोह-तांब्याचा अंशही ही क्रिया भडकवतो. पॉलिसॉर्बेट ८० मध्ये ओलेइक आम्लाचा द्विबंध हा आणखी एक कच्चा दुवा आहे.

अनायनी सर्फॅक्टंट पाण्यात टिकतो तो साखळीला धरून राहिलेल्या पाण्याच्या रेणूंमुळे. तापवल्यावर ही पकड सुटते व ठरावीक तापमानाला द्रावण गढूळ होते. हा त्याचा क्लाउड पॉइंट. ट्रायटन एक्स-१०० च्या बाबतीत तो सुमारे ६५° से. असतो. साखळी आखूड झाली की हे तापमान खाली येते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डॉनब्रो व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पॉलिसॉर्बेट २० च्या साठवलेल्या द्रावणांत ते इतके उतरलेले नोंदवले, की द्रावण खोलीच्या तापमानालाच गढुळले. आम्लता वाढत गेली. पृष्ठताण मात्र घटला, कारण जलविच्छेदनाने सुटलेले लॉरिक आम्ल स्वतःच प्रबळ पृष्ठसक्रिय असते. तेव्हा पृष्ठताण कमी दिसला म्हणून माल चांगला, हा निष्कर्ष फसवा. पेरॉक्साइडाचा आकडाही तसाच बेभरवशाचा: तो आधी चढतो, मग पेरॉक्साइडे स्वतःच विघटित होऊ लागल्याने उतरतो. जुन्या नमुन्यात तो कमी आढळला, तर नुकसान होऊन गेलेले असू शकते.

औषधनिर्मितीत ही बाब गंभीर आहे. प्रथिनांचे पुंजके होऊ नयेत म्हणून घातलेल्या पॉलिसॉर्बेटातील पेरॉक्साइडे त्याच प्रथिनांतील मेथिओनीनचे ऑक्सिडीभवन करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्हिशील्ड लशीत पॉलिसॉर्बेट ८० सोबत सोडियम ईडीटीए व थोडे इथेनॉल असे. ॲडिनोव्हायरस लशींत ईडीटीए व इथेनॉल ही जोडी मूलकांमुळे होणारे ऑक्सिडीभवन रोखण्यासाठी वापरतात. कच्चा माल नायट्रोजनखाली, अंधारात व थंड ठेवणे हा जुना आणि अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय.

ऑक्सिडीभवन मुद्दाम घडवूनही आणता येते. शेपटीच्या टोकाला फेरोसीन जोडलेल्या पॉलिऑक्सिएथिलीन सर्फॅक्टंटाचे विद्युतअग्रावर ऑक्सिडीभवन केले, की ते टोक धनभारित व जलस्नेही होते, मिसेल (सर्फॅक्टंटाच्या रेणूंचे झुबके) विखुरतात आणि त्यांत सामावलेले रंगद्रव्य अग्रावर पातळ थराच्या रूपात बसते. जपानमध्ये साजी यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. इथे साखळी तुटत नाही. क्षपण केले की रेणू पूर्ववत होऊन मिसेल पुन्हा जुळतात.