पेशीची सफाई, मेंदूचे आजार आणि रोजा: ऑटोफॅजीचे संशोधन नेमके काय सांगते?

रमजानचा चाँद दिसायला आठ-पंधरा दिवस उरले की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडच्या आपल्या घरांतल्या मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो. 'जपानच्या शास्त्रज्ञाला रोज्यावर नोबेल मिळाले. उपाशी राहिले की शरीर स्वतःचा कचरा खाते. अल्झायमर आणि पार्किन्सन बरे होतात.' वाचून बरे वाटते आणि आपणही तो पुढे पाठवतो.

आमच्या ओळखीतल्या एका घरी मात्र हा मेसेज महागात पडला. कंपवाताचा त्रास असलेल्या आजोबांनी 'रोजाच औषध आहे' म्हणून दिवसाच्या गोळ्या बंद केल्या. चार-पाच दिवसांत अंग इतके आखडले की त्यांना उचलून दवाखान्यात न्यावे लागले. म्हणूनच आम्ही हा विषय मुळापासून मांडायचे ठरवले. मेसेजमधला शब्द खरा आहे, संशोधनही खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही.

ऑटोफॅजी म्हणजे काय?

'ऑटो' म्हणजे स्वतः आणि 'फॅजी' म्हणजे खाणे. हे मूळचे ग्रीक शब्द. मराठीत याला स्वभक्षण म्हणता येईल. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात पेशीच्या धड्यात 'लयकारिका' हा शब्द येतो. इंग्रजी माध्यमाची मुले तिला लायसोसोम म्हणतात. पचवणारे रस भरलेली ती एक इवलीशी पिशवी असते.

पेशीत रोज काही ना काही मोडते. प्रथिने वाकडी होतात, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया थकतात. अशा मोडक्या मालाभोवती पेशी एक पातळ पडदा गुंडाळते, त्याचे गाठोडे बांधते आणि ते लयकारिकेपर्यंत पोहोचवते. तिथे त्याचे तुकडे होतात आणि कामाचे तुकडे पुन्हा वापरले जातात. घरातले भंगार भंगारवाल्याकडे जावे आणि त्यातून नवी वस्तू बनावी, तसेच हे. ही सफाई कमी-जास्त प्रमाणात कायम चालूच असते, पोट भरलेले असतानाही. अन्न मिळाले नाही की बऱ्याच पेशींत तिचा वेग वाढतो.

खमिरापासून नोबेलपर्यंत

लायसोसोमचा शोध बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिश्चियन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये लावला. ऑटोफॅजी हा शब्दही त्यांनीच १९६३ मध्ये वापरात आणला. १९७४ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण ही सफाई कोणती जनुके चालवतात, हे त्यानंतरही कित्येक वर्षे कळले नव्हते.

ते कोडे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी सोडवले, आणि तेही खमिरावर. नान-पाव फुगवतो तोच खमीर, म्हणजे यीस्ट. त्यांनी पचनाचे रस नसलेला खमीर घेतला आणि त्याला उपाशी ठेवले. काही तासांतच त्याच्या पेशीत न पचलेली गाठोडी साचलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. हे काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी सफाईला लागणाऱ्या १५ जनुकांचा माग काढला. तशीच जनुके माणसातही आहेत. या कामासाठी त्यांना २०१६ चे नोबेल मिळाले. म्हणजे ते नोबेल रोज्यावर नव्हते आणि माणसाच्या उपवासावरही नव्हते. पेशीची यंत्रणा उलगडल्याबद्दल ते होते.

मेंदूशी याचा संबंध काय?

कातडीची किंवा आतड्याची पेशी विभागते आणि जुना कचरा दोन पेशींत वाटला जातो. मेंदूतल्या बहुतेक चेतापेशी मात्र एकदा तयार झाल्या की विभागत नाहीत. जी पेशी लहानपणी होती, तीच साठाव्या वर्षीही कामावर असते. त्यामुळे सफाई थांबली तर कचरा तिथेच साचतो.

याचा भक्कम पुरावा २००६ मध्ये मिळाला. जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या मेंदूत सफाईचे एकेक जनुक बंद केले. एका गटाने 'एटीजी ५' बंद केले, दुसऱ्याने 'एटीजी ७'. या उंदरांना दुसरा कोणताही आजार दिलेला नव्हता. तरी त्यांच्या चेतापेशींत प्रथिनांचे गोळे साचले, चाल बिघडली आणि पेशी मरू लागल्या. सफाई बंद पडणे एवढेच कारण पुरेसे ठरले.

वेगवेगळ्या आजारांत ही सफाई वेगवेगळ्या टप्प्यावर अडते:

• अल्झायमर: यात अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिने साचतात. रुग्णांच्या मेंदूत अर्धवट पचलेली गाठोडी मोठ्या संख्येने अडकलेली दिसतात. गाठोडे बांधले जाते, पण पुढे नीट पचत नाही.

• पार्किन्सन म्हणजे कंपवात: यात अल्फा-सायन्यूक्लिन साचते. काही कुटुंबांत पिंक-१ आणि पार्किन या जनुकांत दोष असतो. खराब तंतुकणिकांवर 'हे उचला' अशी खूण करणे हे या दोघांचे काम. जीबीए-१ हे लयकारिकेतल्या एका पाचकरसाचे जनुक आहे. त्यातल्या दोषाने पार्किन्सनचा धोका वाढतो.

• हंटिंग्टन: हा आनुवंशिक आजार आहे. यात हंटिंग्टिन नावाचे प्रथिन बिघडते आणि साचते.

हे आजार आपल्यापासून दूर नाहीत. मुंबईच्या पारशी वसाहतींत १४,०१० लोकांची घरोघरी पाहणी झाली होती. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४६ जणांना पार्किन्सन आढळला. स्मृतिभ्रंशाबाबत २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा, की भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांहून अधिक जणांना, हा त्रास आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडे मात्र 'म्हातारपणी असे होतेच' म्हणून विषय तिथेच संपतो.

औषधाचा शोध कुठपर्यंत आला?

रॅपामायसिन हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सहगल यांचा त्यात मोठा वाटा होता. किडनी बदललेल्या रुग्णांना ते दिले जाते. पेशीतली सफाईही ते वाढवते. हंटिंग्टनसारखा दोष दिलेल्या फळमाश्यांवर आणि उंदरांवर त्याचा फायदा २००४ मध्ये दिसला. पण हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबते, म्हणून ते उठसूट घेण्यासारखे नाही.

बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातही काम झाले आहे. २०१७ मध्ये तिथल्या गटाने '६-बायो' नावाच्या रेणूबद्दल लिहिले. त्याने सफाई वाढली आणि उंदरांत अल्फा-सायन्यूक्लिनचा त्रास कमी झाला. उमेद वाढवणारी गोष्ट आहे, पण ती उंदरांतली आहे. माणसात अल्झायमर किंवा पार्किन्सन ऑटोफॅजी वाढवून बरा करणारे सिद्ध औषध आज बाजारात नाही. शिवाय अल्झायमरमध्ये पचनाचा टप्पाच अडलेला असेल, तर नुसती जास्त गाठोडी बांधून काय होणार? कचरागाड्या वाढवल्या आणि डेपोच बंद असला, तर गल्लीतली कोंडी वाढेल.

मग रोज्याचे काय?

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहा. २००४ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांना उपाशी ठेवले. यकृत, स्नायू अशा अनेक अवयवांत सफाई वाढली, पण मेंदूत वाढलेली दिसली नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या गटाला २४ ते ४८ तासांच्या उपासानंतर उंदरांच्या काही चेतापेशींत ती वाढलेली दिसली. म्हणजे उंदरांतही उत्तर एकसारखे नाही.

शिवाय उंदराचा एक दिवस म्हणजे आपला एक दिवस नव्हे. इवल्याशा जिवाचे वजन चोवीस तासांच्या उपासात भराभर घटते. आपल्या भागात रोजा ऋतूनुसार साधारण १२ ते १५ तासांचा असतो. तेवढ्या वेळात जिवंत माणसाच्या मेंदूत सफाई किती वाढते, हे मोजायची सोपी तपासणी नाही. त्यामुळे 'रोज्याने अल्झायमर जातो' हे विज्ञानाचे वाक्य नाही.

आम्हाला वाटते, रोज्याला अशा प्रमाणपत्राची गरजही नाही. तो इबादत आहे. उद्या एखाद्या अभ्यासाने फायदा नाही म्हटले, तर आपण रोजा सोडणार आहोत का? नाही ना! मग नोबेलच्या आधाराने तो सिद्ध करायचा खटाटोप कशाला? सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजाऱ्याला सवलत स्पष्ट दिलेली आहे. रोजे नंतर पूर्ण करता येतात. बरे होण्याची आशा नसलेल्यांसाठी फिदयाचा मार्ग उलमा सांगतात. ती सवलत घेणे म्हणजे ईमान कच्चे असणे नव्हे.

घरात असा रुग्ण असेल तर

• पार्किन्सनची लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळीच लागते. ती अचानक बंद केल्यास अंग कडक होऊन तीव्र ताप येऊ शकतो आणि जिवावर बेतू शकते. गोळ्यांच्या वेळा घरी बसून बदलू नका.

• रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. जाताना गोळ्यांची यादी आणि सहरी-इफ्तारच्या वेळा सोबत न्या.

• गोश्त, अंडी, डाळ यांच्या भरपेट जेवणासोबत घेतल्यास लेव्होडोपाचा असर कमी होऊ शकतो. गोळी आणि जेवण यांत किती अंतर ठेवायचे ते विचारून घ्या.

• उन्हाळ्यात रमजान आला तर वर्ध्याच्या उन्हात पाणी कमी पडून चक्कर येते, तोल जातो. म्हाताऱ्या माणसाचे हाड मोडले तर महिनोन्‌महिने खाट धरावी लागते.

• नेहमीचा रस्ता चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, हात थरथरणे, चाल मंदावणे ही लक्षणे दिसली तर 'वय झाले' म्हणून सोडू नका.

• स्मृतिभ्रंश झालेल्या दादी-नानीने रोजा ठेवला की नाही, हे तिला आठवत नसेल, तर वाद घालू नका. प्रेमाने पाणी द्या आणि औषध द्या.

तो मेसेज पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला एवढेच सांगा: शोध खरा आहे, नोबेल खरे आहे, पण आजोबांची गोळी बंद करायला त्यात कुठेही सांगितलेले नाही.