यूपीआयची तक्रार इंग्रजीत लिहिताना नेमके शब्द कोणते?

पैसे कापले गेले, पण दुकानदाराला मिळाले नाहीत. अशा वेळी आपण घाईत 'पेमेंट नॉट वर्किंग' लिहून मोकळे होतो. त्यावरून नक्की काय झालं, हे बँकेला कळत नाही.

'पेंडिंग' म्हणजे व्यवहाराचा निकाल अजून लागायचाय. 'फेल्ड' म्हणजे व्यवहार पूर्ण झाला नाही. पण पैसे कापले गेले की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून पैसे कापले असतील तर 'डेबिटेड बट नॉट क्रेडिटेड' असं लिहा.

पैसे कोणाला पाठवले, तेही सांगा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार, एखाद्या व्यक्तीला पाठवताना अडकलेले पैसे व्यवहारानंतर १ दिवसात, तर दुकानदाराचे, म्हणजे 'मर्चंट पेमेंट'चे, ५ दिवसांत परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

'फ्रॉड' हा शब्द खरंच फसवणूक झाली असेल तरच वापरा. तेव्हा बँकेला कळवा आणि लगेच १९३० वर फोन करा.

शेवटी तारीख, रक्कम आणि १२ अंकी यूटीआर क्रमांक लिहा. यूपीआय पिन मात्र कुणालाच सांगू नका.