पारपत्र : अटकाव आणि आधार

परदेशी निघालेल्या भारतीय नागरिकाच्या हाती जी लहानशी पुस्तिका असते तिला आपण व्यवहारात पासपोर्ट म्हणतो. शासनाच्या मराठीत तिला पारपत्र असे नाव आहे. या पुस्तिकेच्या आरंभी भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने जगातील सर्व संबंधितांना एक विनंती केलेली असते. धारकास विनाअडथळा जाऊ द्यावे, हा तिचा पहिला भाग. आणि त्यास गरज पडेल तेथे साहाय्य व संरक्षण द्यावे, हा दुसरा. बहुतेक प्रवासी हा मजकूर न वाचताच पान उलटतात. परंतु त्यामागे फार मोठा इतिहास उभा आहे. शतकानुशतके असा कागद मुख्यतः माणसाला अडविण्यासाठी वापरला गेला. तो त्याला आधार देऊ लागला फार उशिरा, आणि तोही पुष्कळ अपमान सोसल्यानंतर. हे स्थित्यंतर कसे घडले, ते आज आपण पाहणार आहोत.

प्रवासाचा परवाना ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचे वर्णन आहे. एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना, द्यावा. मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे अथवा बाहेर जावे. आणि मुद्रेवाचून हिंडणाऱ्या देशवासीयाला बारा पण दंड करावा, असा नियम तेथे सांगितला आहे. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हीच कल्पना समुद्रावर आणली. त्यांचा 'कार्ताझ' जवळ नसलेले जहाज ते पकडीत व लुटीत. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्रे यांनी या दंडेलीला तिच्याच भाषेत उत्तर दिले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या तारवांनी मराठ्यांचे दस्तक घेतले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो आरमाराच्या बळावर चालवून दाखविला. दस्तक देणे म्हणजे या पाण्यावर सत्ता कोणाची हे सांगणे होय. मुद्रा, कार्ताझ आणि दस्तक या तिहींत राज्याची सत्ता दिसते. प्रवाशाचा हक्क मात्र कोठे दिसत नाही.

परमुलखात आपल्या माणसाची काळजी वाहणारा अधिकारी वेगळ्या वाटेने आला. एका दरबाराने दुसऱ्या दरबारी वकील ठेवणे आपल्या परिचयाचे आहे. पेशव्यांच्या वतीने हिंगणे घराण्यातील पुरुष दिल्लीस हे काम पाहत. वकिलाचे काम राजकारणाचे. परंतु भूमध्य समुद्रावरील बंदरांत इटलीतील नगरराज्यांच्या व्यापाऱ्यांना आपसांतील तंटे मिटविणारा व स्थानिक सत्तेपुढे आपली बाजू मांडणारा माणूस हवा असे. त्या गरजेतून कॉन्सल, म्हणजे वाणिज्यदूत, निर्माण झाला. वकील दरबारात बसे, तर वाणिज्यदूत धक्क्यावर, सामान्य माणसांत वावरे. आजही हा फरक बव्हंशी टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकात ऐपत असलेल्या प्रवाशाला जग बरेच मोकळे होते. १८८३ च्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा तेथे उतरणाऱ्या परकीयाजवळ पारपत्र असलेच पाहिजे असा दंडक नव्हता. त्या देशात तो आला पहिल्या महायुद्धाच्या काळात. तथापि याच शतकात लक्षावधी भारतीयांना कागदावाचून पाऊल टाकता येत नव्हते. ते होते गिरमिटिये मजूर. 'अ‍ॅग्रीमेंट' या शब्दाचा 'गिरमिट' हा अपभ्रंश, आणि त्या कराराने बांधलेला तो गिरमिटिया.

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख भारतीय मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातले मराठी कष्टकरीही होते. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणवून घेतात. या मजुरांसाठी 'प्रोटेक्टर' म्हणजे संरक्षक या नावाचा अधिकारी नेमलेला असे. नाव संरक्षकाचे, परंतु संरक्षण कोणाचे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १८६७ च्या कायद्याने तर कराराची मुदत पुरी केलेल्या जुन्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेले ओळखपत्र सतत जवळ बाळगणे भाग पडले. ते जवळ नसले म्हणजे भटक्या ठरवून त्यास अटक होई. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये मजुरांनी अर्ज केला, आणि त्याची चौकशी करण्यास शाही आयोग नेमावा लागला. छायाचित्र, सही आणि शिक्का, ही आजच्या पारपत्राची सारी सामग्री त्या ओळखपत्रात होती. पण तो कागद धारकाला कोठेही जाऊ द्यावे म्हणून दिलेला नव्हता. त्याने मळा सोडून जाऊ नये म्हणून दिलेला होता.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे या बाबतीतील कार्य मराठी माणसाने विसरता कामा नये. १९१० मध्ये त्यांनी कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि त्याच्या परिणामी १९११ च्या जुलैपासून नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती थांबली. १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच समूळ बंद करावी असा ठराव आणला; तो सरकारी मतांच्या जोरावर फेटाळला गेला. त्याच वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. परक्या भूमीवरील आपल्या देशबांधवांची गाऱ्हाणी तेथल्या सरकारपुढे मांडणे, हे आज वकिलातीचे काम. ते त्या वेळी एका आजारी, पण खंबीर लोकनेत्याने अंगावर घेतले होते.

साम्राज्याचे प्रजाजन या बिरुदाची खरी किंमत १९१४ साली कळून चुकली. बाबा गुरदित्तसिंग यांनी भाड्याने घेतलेले 'कोमागाता मारू' हे जपानी जहाज ३७६ भारतीय प्रवाशांना घेऊन २३ मे रोजी कॅनडातील व्हँकूव्हर बंदरात आले. प्रवासी आपल्या मूळ देशातून थेट, मध्ये न थांबता आला पाहिजे, असा नियम कॅनडाने आधीच करून ठेवला होता. आणि भारतातून तशी थेट वाहतूक नव्हती. नियमात कोठेही वर्णाचा उल्लेख नव्हता. अडविले मात्र गेले ते भारतीय. अवघ्या चोविसांना उतरू दिले गेले. बाकीचे दोन महिने जहाजावर, अन्नपाण्याच्या टंचाईत, किनारा डोळ्यांनी पाहत बसले. अखेर २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकाखाली जहाज परतविण्यात आले. २९ सप्टेंबरला ते कलकत्त्याजवळ बजबज येथे लागले, तेव्हा मायभूमीवर त्यांचे स्वागत गोळीबाराने झाले. वीसच्या सुमारास प्रवासी प्राणास मुकले. ज्या राजाचे हे प्रजाजन, त्याच राजाच्या दुसऱ्या मुलखाने त्यांना दार बंद केले, आणि त्यांच्या वतीने बोलणारा एकही वाणिज्यदूत जगात नव्हता. या प्रकाराबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली, ती २०१६ साली.

महायुद्धाने जगभर पारपत्राची सक्ती आणली. भारतात १९२० च्या कायद्याने ती कायम झाली, आणि तो कायदा २०२५ पर्यंत पुस्तकात राहिला. १९२२ च्या देशांतर कायद्यानंतर सिलोन व मलाया येथे भारताचे प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. १९२७ मध्ये श्रीनिवास शास्त्री दक्षिण आफ्रिकेत पहिले प्रतिनिधी म्हणून गेले. त्यांना वाणिज्यदूताचा पूर्ण अधिकार नव्हता; त्यांचे बळ रदबदलीचे होते. याच परंपरेतील रामराव देशमुख यांना १९४६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी जमीन कायद्याच्या निषेधार्थ, परत बोलावण्यात आले. आपला प्रतिनिधी काढून घेण्याइतका स्वाभिमान स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आला होता.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली आणि कालपर्यंत एका मुलखात राहणाऱ्यांमध्ये सीमा उभी राहिली. १९४८ मध्ये पाकिस्तानशी परवान्याची पद्धत, आणि ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा यांची अट सुरू झाली. गोमंतकाच्या बाबतीत हे दुःख मराठी घरांच्या दाराशीच येऊन ठेपले. १९५५ च्या सत्याग्रहानंतर पणजीतील भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत नातलगांच्या भेटीगाठींनाही अडसर पडला.

स्वतंत्र भारतातही पारपत्र हा नागरिकाचा हक्क मानला जात नव्हता. ते देणे वा न देणे सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ च्या एप्रिल महिन्यात सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही समजूत मोडून काढली. पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला, की परदेशी जाणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो कोणाकडून हिरावून घेता येणार नाही. त्याच वर्षी जून महिन्यात पारपत्र अधिनियम झाला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्याने त्यापुढचे पाऊल टाकले : केवळ कायदा असून भागत नाही, त्यातील कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असली पाहिजे. कौटिल्याच्या मुद्राध्यक्षापासून निघालेला प्रवास येथे एका मुक्कामास पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही.

उरला प्रश्न संरक्षणाचा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने वाणिज्यदूतांचे अधिकार निश्चित केले. त्याच्या छत्तिसाव्या कलमानुसार, परकीय नागरिकास अटक झाली तर त्यास त्याचा हक्क विनाविलंब सांगितला पाहिजे, आणि त्याने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वाणिज्यदूतास तशीच विनाविलंब सूचना दिली पाहिजे. वाणिज्यदूतास त्याला भेटण्याचा व त्याच्यासाठी वकील देण्याचा अधिकार आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने ही भेट नाकारली आणि लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला, तेव्हा भारत २०१७ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपूरचे हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी, पाकिस्तानने कराराचा भंग केल्याचा निर्णय दिला आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास सांगितले. सुटकेची मागणी मान्य झाली नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वाणिज्यदूत तुरुंगाचे दार उघडू शकत नाही. आत असलेला माणूस एकाकी पडू नये, एवढे तो पाहू शकतो. कोमागाता मारूच्या प्रवाशांना एवढेही लाभले नव्हते.

आज परदेशी गेलेल्यांत विद्यार्थी व तंत्रज्ञ आहेत, तसेच आखाती देशांतील गवंडी, सुतार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियाही आहेत. मालकाने त्यांची पारपत्रे स्वतःकडे ठेवून घेण्याचे प्रकार घडत आले आहेत. गिरमिटियाच्या ओळखपत्राची येथे आठवण होते. वास्तविक पारपत्र ही कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे. ते गहाण टाकून घेण्याचा अधिकार कोणा मालकास नाही. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापले, तेव्हा तेथील भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणण्यात आले. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक होती. २००९ पासून वकिलातींत एक कल्याणनिधीही आहे. अडकून पडलेल्याचे परतीचे भाडे, परदेशी निवर्तलेल्याचे पार्थिव घरी पोहोचविणे, अशा कामी त्याचा उपयोग होतो.

अशा वेळी वकिलातीच्या खिडकीपलीकडे जो अधिकारी बसतो, त्याच्या हाती राष्ट्रपतींच्या नावाने दिलेल्या त्या वचनाची अब्रू असते. कागद छापणे सोपे आहे. ज्यास परक्या देशाची भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही आणि ज्याच्या खिशात पैसा नाही, अशा माणसास तो कागद दाखविल्यावर कोणी विचारपूस करतो की नाही, यावरच त्याचे मोल ठरते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे मोल मिळाले नाही. ते आज आपल्याला मिळते आहे, ते शेवटच्या गवंड्यापर्यंत पोहोचविणे हे उरलेले काम आहे.